सहा अक्षरांचा पासवर्ड

"एस, ए, व्ही, एल, ए, टी. सवलत."

सरांनी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाईप केलं. माझ्या खांद्यावरून हात घालून, माझ्या कीबोर्डवर.

"घ्या बाई, झाला तुमचा पासवर्ड. इसरायचं कामच न्हाई. हिच्यावरच तर लागलाय तुमी!"

सगळी कॉम्प्युटर रूम हसली. अख्खा स्टाफ. आणि मीही हसले. त्या शब्दापेक्षा त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

शाळेला नुकतेच पाच कॉम्प्युटर आले होते. दोन हजार साल उलटून गेलं होतं. प्रत्येक शिक्षकाला ईमेल काढून द्यायचं चाललं होतं. कुणी लेकीचं नाव पासवर्ड ठेवलं, कुणी खंडोबाचं. ते टाईप करताना सर तोंड फिरवून उभे राहायचे. माझ्याच वेळी त्यांना कंठ फुटला.

मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेची, डोंगरातली. महादेव कोळी. बाप झाडावर चढून हिरडा झोडपायचा, आई खाली वेचायची. बी.एड. केलं आणि पूर्वेकडच्या बागायती गावात हायस्कूलला लागले. होय, राखीव जागेवर. हक्काच्या जागेवर. स्टाफरूममध्ये तिलाच सवलत म्हणायचे. आणि हे ईमेल काढून देणारे सर स्टाफमधलेच, पण संस्थेच्या चेअरमनचे मेव्हणे. त्यांना कोण बोलणार?

टायपिंगला माझा हात बसला तसं तालुक्याला माहिती पाठवायचं काम हेडसरांनी माझ्याकडं दिलं. कॉम्प्युटर रूमची किल्लीही दिली. आमच्या वाडीतलं कुणी तोवर कॉम्प्युटरला शिवलं नव्हतं, आणि मी तो पोरांना शिकवत होते. लई आनंद होता त्या किल्लीचा.

पण रोज सकाळी मेल उघडायचा म्हणजे तो शब्द टाईप करायचा. स्क्रीनवर नुसते ठिपके दिसायचे. सहा ठिपके. शिवी मलाच, बोटंही माझीच. एकदा धीर करून सरांना विचारलं, हा बदलता येतो का?

"एकदा बसला की बसला, बाई. बदलत नसतो."

मी खरं मानलं. दोन वर्षं मानलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एका शनिवारी हेडसरांनी बोलावलं. टेबलावर कागद. माझ्या मेलवरून तालुक्याच्या ऑफिसला आणि संस्थेला गेलेलं पत्र. 'मला कॉम्प्युटरचे काम झेपत नाही. ते सरांकडे द्यावे.' खाली माझं नाव.

"बाई, आधी मला तरी सांगायचं," हेडसर म्हणाले. "संस्थेचा फोन आला. किल्ली द्या."

"मी नाय लिहिलं हे."

"मंग कुणी लिहिलं? पासवर्ड तुमचा."

काय सांगणार? माझा पासवर्ड सगळ्या स्टाफला पाठ आहे म्हणून? मग तो कोणता, हे तिथं उभं राहून माझ्याच तोंडानं सांगायचं? मी पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

संध्याकाळच्या एसटीनं घर गाठलं. आईला सगळं सांगितलं. कॉम्प्युटर तिला कळला नाही, पण बाकी सगळं कळलं. आमच्याकडं हिरड्याच्या झाडाला कुंपण नसतं, राखण नसते. कुठलं झाड कुणाचं ते अख्ख्या वाडीला ठाऊक. लहानपणी मी शेजाऱ्यांच्या झाडाखालचे चार हिरडे उचलले, तर आईनं हातावर चापट मारून परत ठेवायला लावले होते. "पडल्याला बी उचलायचा न्हाई," म्हणाली होती. माझ्या आईला सही करता येत नाही. आणि इथं ही बी.एड. झालेली माणसं!

आई चुलीपुढनं एवढंच म्हणाली, "तुझ्या झाडावर दुसरा चढला, आन् तू खाली हुबी ऱ्हाऊन बघतीस व्हय गं?"

रविवारी सकाळी मंचरला उतरले. नेट कॅफेत बसले. पाठवलेल्या पत्रांत ते पत्र सापडलं. वेळ, गुरुवारी अकरा वीस. गुरुवारी अकरा वीसला मी आठवी 'ब'च्या वर्गात नकाशा शिकवत होते, तासाच्या वहीत माझी सही आहे. मग मांडीवर डिक्शनरी ठेवून एकेक बटण दाबत गेले. तिसऱ्या की चौथ्या पानावर सापडलं. बदलतो! पासवर्ड बदलतो! दोन वर्षं या माणसानं मला फसवलं होतं. तिथंच रडायला आलं, रागानं.

आधी जुना पासवर्ड टाका, असं विचारलं. शेवटचं एकदा तो टाकला. एस, ए, व्ही, एल, ए, टी. मग नवा टाकला, दोनदा.

मग त्याच मेलवरून त्याच दोन ठिकाणी तक्रार लिहिली. गुरुवारचा तास लिहिला, वहीतली सही लिहिली. तो शब्द लिहिला, कुणी ठेवला ते लिहिलं, कोण कोण हसलं ते लिहिलं. माझंही नाव त्यात घातलं.

दोन दिवसांनी हेडसरांनी पुन्हा बोलावलं. सर शेजारच्या खुर्चीत. चोर तो चोर, वर शिरजोर.

"बाई, लई ताणू नका," हेडसर म्हणाले. "शाळंची बदनामी व्हती. तक्रार मागं घेतली, अशा दोन वळी सर लिहितील तुमच्या मेलवरनं. नवा पासवर्ड सांगा."

म्हणजे पुन्हा माझ्याच नावानं!

"नाय सांगणार."

"नोकरी करायची ना बाई?"

"करायचीय. हितंच करायचीय. तक्रार पण हितंच ऱ्हाणार."

किल्ली अजून सरांकडंच आहे. तक्रारीला उत्तर नाही. मी महिन्याला एक स्मरणपत्र पाठवते. आठवी 'ब'च्या फळ्यावर खडूनं कीबोर्ड काढते आणि शिकवते. पहिल्या दिवशी टेबलावर घरचे मूठभर हिरडे ठेवले होते. बागायतीतल्या पोरांनी ते कधी पाहिले नव्हते. ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय यातला एकही उचलायचा नाही, म्हटलं, पडलेलाही नाही. कॉम्प्युटरचा पहिला धडा हा.

मागच्या बाकावरची एक पोरगी हळूच म्हणाली, "बाई, नवा पासवर्ड काय ठेवलाय?"

हेडसरांना सांगितला नाही. आईला सांगितला नाही. पोरीलाही नाही. तुम्हालाही सांगणार नाही.