विहारातली खुर्ची

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या सासूबाईंना घरी सोडताना सांगितलं, "आजी, आता जमिनीवर बसणं विसरायचं. मांडी नाही, उकिडवं नाही, पाटही नाही. यापुढे खुर्ची." दोन्ही गुडघे नवे बसवलेल्या सासूबाईंनी इतक्या नम्रपणे मान हलवली की मला तिथेच शंका आली. एखाद्याचं म्हणणं पटलं तर त्या वाद घालतात, पटलं नाही तर मान हलवतात. गाडी उमरेडच्या पुढे आली तशा म्हणाल्या, "पोरगा हुशार हाये. पण त्याले आपला विहार माईत नाई."

गाव त्यांना आशाबाई म्हणतं, मी आई म्हणते. आमचं गाव नागभीडजवळ, चहूकडे धानाच्या बांध्या. आषाढ पौर्णिमेपासून पावसाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं, आणि ते आई करतात. मी सून होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून. पांढरं पातळ नेसून, चौरंगापुढे मांडी घालून बसल्या की तास-दीड तास हलत नसत. सगळी नोकरी अंगणवाडीत झाल्यामुळे समोरचा श्रोता साठीचा असला तरी त्याला त्या चार वर्षांचाच धरतात. वाचता वाचता थांबून "बिरजू, जांभई देतानी तोंडावर हात ठेव" असं त्यांनी आमच्या शेजाऱ्याला भर विहारात सांगितलेलं आहे, आणि बिरजूला नातवंडं आहेत.

गैरहजर राहणाऱ्याची तर खैर नसे. दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठून चौकशी. सुगंधाबाई ही त्यांची जुनी मैत्रीण. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या, दोघींनी एकाच बांधीत चिखलात वाकून धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, केली. सुगंधाबाईंनी विहारात येणं सोडलं, तेव्हा आईंनी त्यांनाही हातपंपावर सगळ्यांदेखत विचारलं, "काऊन वो, संध्याकाळी टीव्ही पाहून राह्यली का?" सुगंधाबाईंनी आपला पाण्याचा गुंड भरला आणि निघून गेल्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आईंच्या मते चूक अर्थातच सुगंधाबाईंची.

तर ऑपरेशनचा बेतही आईंनी वर्षावास धरूनच आखला होता. उन्हाळ्यात गुडघे बदलायचे आणि आषाढ पौर्णिमेला विहारात जाऊन चौरंगापुढे मांडी ठोकायची. या बेतात गुडघ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. येणारा बिस्किटांचा पुडा ठेवी आणि लगेच टाके दाखवा म्हणे. आईही पातळ गुडघ्यावर घेऊन मोठ्या अभिमानानं दाखवत. आत नेमका कोणता धातू बसवला यावर अंगणात चर्चा झडल्या. बिरजू म्हणाला, "सूरजागडच्या खाणीतलं लोखंड असन." आई म्हणाल्या, "मंग चालतानी जड नसतं लागलं का?" त्यावर सगळे पुन्हा टाके बघायला वाकले.

व्यायाम करून घ्यायला नागभीडहून चंचल नावाची मुलगी स्कूटीवर येई. तिनं "मावशी, अजून थोडा वाकवा" म्हटलं की आई तिच्याकडे कौतुकानं बघत आणि लग्न कुठे जमलं का, असं विचारत. चंचल लाजून उत्तर देईपर्यंत गुडघा परत सरळ. माझे सासरे रामाजी, आमचे बाबा, यांच्याकडे बर्फाच्या पिशवीचं खातं होतं. जन्मभर गवंडीकाम केलेला, कमी बोलणारा माणूस. पिशवी आईंच्या गुडघ्यावर धरायची, तर ती आपल्याच मांडीवर ठेवून डुलक्या घेत. माझा नवरा प्रणित माजरीच्या कोळसा खाणीत आहे, सुटीच्या दिवशी तेवढा घरी. म्हणजे ओरडायला उरले मी, आणि ते काम मी नेटानं केलं.

जूनअखेर आमची शाळा सुरू झाली. मी शिकवायला बाहेर पडले आणि आईंनी संधी साधली. बाबांना लिंबं आणायला पिटाळलं. मग वॉकर घेऊन माजघरात गेल्या, धानाच्या पोत्यावर बसल्या आणि तिथून पाय लांब करून घसरत घसरत जमिनीवर उतरल्या. मांडी काही जमली नाही, पण बूड टेकलं. डॉक्टरला खोटं पाडल्याच्या आनंदात थोडा वेळ गेला. मग उठायचं ठरवलं, तर उठता येईना.

तेवढ्यात बाबा लिंबं घेऊन आले. "काऊन वो, खाली काऊन बसली?"

आता अडकले असं म्हणेल ती बाई आमच्या घरातली नाही. आईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ध्यान करून राह्यली."

बाबांनी पंखा त्यांच्याकडे फिरवला आणि कुणाचा त्रास नको म्हणून दार अलगद ओढून घेतलं. मी शाळेतून परतले तेव्हा ते दाराशी खुर्ची टाकून राखण करत होते. "हळू बोल, करिष्मा," मला म्हणाले. "सकाळपासून बसून हाये. पोचलेली बाई हाये तुही सासू."

मी आत जाऊन काय बोलले ते इथे लिहीत नाही. चंचलची यायची वेळ झालीच होती. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी, अशा दोघींनी आईंना आधी पोत्यावर आणि मग खुर्चीवर चढवलं. चंचल एरवी गोड बोलणारी, त्या दिवशी मात्र तिचाही आवाज चढला. "मावशी, बसता येते का ते पाह्यलं तुमी. उठता येते का ते पाहाचंच राह्यलं." संध्याकाळपर्यंत दोन्ही गुडघे टरारून सुजले. आई रात्री जेवल्या नाहीत. दुखत होतंच, पण न जेवण्याचं कारण ते नव्हतं. यंदा आणि यापुढे कधीच चौरंगापुढे बसता येणार नाही, हे त्यांना आता कळलं होतं.

दोन दिवसांनी विहार समितीचे देवरावभाऊ आले. भला माणूस. म्हणाले, "बाई, खुर्ची ठेवून देतो समोर. त्याच्यावर बसून वाचा."

"अन् बुद्धाच्या बरोबरीनं बसू?" आई म्हणाल्या. आमच्या विहारातला मूर्तीचा ओटा ठेंगणा आहे. सगळे जमिनीवर बसतात, त्या हिशेबानं बांधलेला. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं थेट मूर्तीच्या तोंडाशी येतं. "मले नाई जमत ते. लोकायले ते जमिनीवर बसवाचं अन् आपण राणीसारखं वर बसाचं."

देवरावभाऊ म्हणाले, "मंग यंदा उर्वशीले वाचू देऊ का? कॉलेजात शिकते, चांगली वाचते."

आई म्हणाल्या, "वाचू द्या." आणि या वेळी मान हलवली नाही. देवरावभाऊ गेल्यावर त्यांनी मला कपाटातून पांढरं पातळ काढायला सांगितलं, घडी नीट केली आणि म्हणाल्या, "हे खालच्या कप्प्यात ठेव. आता लागत नाई." महिनाभर मी या बाईवर चिडत होते. त्यांच्या चोरट्या उचापतींनी माझा जीव मेटाकुटीला आला होता. पण ते पातळ खालच्या कप्प्यात ठेवताना मला रडू आलं, आणि आपण यांची सून नसून लेकच झालो की काय, याचा रागही आला.

बाबा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी बर्फाची पिशवी माझ्या हातात देऊन ते बाहेर पडले ते जेवायलाही आले नाहीत. मला वाटलं, कंटाळले. संध्याकाळी आले तर हाताला सिमेंट.

"कुठी गेले होते जी?" आईंनी विचारलं.

"विहारात. देवरावभाऊले विचारलं, समितीले विचारलं. मूर्ती बाजूले घेतली, वंदना केली, अन् ओटा उचलला वर." बाबांनी हात कमरेवरून छातीपर्यंत नेऊन उंची दाखवली. "आता तू खुर्चीवर बस नाईतर टेबलावर बस. बुद्ध वरच राह्यते."

आईंनी त्यांच्या हातावरचं सिमेंट नखानं खरवडून पाहिलं. मग म्हणाल्या, "ओळंबा लावला होता का? तुमचा हात थरथरते आजकाल." बाबा खूश होऊन हात धुवायला गेले. मी खालच्या कप्प्यातलं पातळ काढून इस्त्रीला टाकलं.

पौर्णिमेला आई वॉकर घेऊन विहारात शिरल्या. लोक आधीच बसले होते. नव्या ओट्यावर मूर्ती उंच दिसत होती, खाली खुर्ची, खुर्चीपुढे शाळेतून आणलेलं टेबल. आई खुर्चीवर बसल्या आणि अंग चोरून बसल्या. कुठल्याही सभेत त्यांना असं अवघडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्रिशरण, पंचशील झालं. ग्रंथ उघडला.

तेवढ्यात दारात खरखर झाली. सुगंधाबाई प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून ढकलत, तिच्याच आधारानं एकेक पाय टाकत आत येत होत्या. पांढरं पातळ नेसून. सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांनी भिंतीशी खुर्ची लावली, बसल्या, धाप टाकली.

आई म्हणाल्या, "काऊन वो, यंदा येणं सुचलं का?" जुनी सवय, दुसरं काय.

सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, "माहे गुडघे तुह्या आधीच गेले, आशा. खाली बसली का उठता येत नाई. खुर्ची मागावं म्हणलं होतं. पण तू इथीच वाचता वाचता सांगलं होतं, ज्याले जमिनीवर बसाची लाज वाटते त्याच्यात अहंकार राह्यते. मंग मी घरूनच ऐकत होती."

बिरजूनं तोंडावर हात ठेवला होता, आणि त्याला जांभई आली नव्हती. आईंनी ग्रंथावरची नजर उचलली. चेहरा पार उतरला होता. त्या वाक्यानं कितीजणी घरी बसल्या असतील, हे त्या मनात मोजत असाव्यात, कारण त्यांची नजर एकेका रिकाम्या जागेवर जात होती.

"मी चुकली, सुगंधा," त्या म्हणाल्या.

टेबलावरचा माइक चालू होता, त्यामुळे हे छपरावरच्या भोंग्यातून साऱ्या गावात गेलं. देवरावभाऊंनी घाईघाईनं माइक बंद करायला हात पुढे केला. आईंनी तो हात बाजूला सारला, माइक जवळ ओढला आणि तेच पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणाल्या.