कोंबडीचं वाळवण

मी एकदा गच्चीत कोंबडीचं वाळवण घातलं. हे एकदा लिहून टाकलं की पुढचं लिहायला फारशी लाज वाटत नाही.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे पासष्टीची. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला शिकवणारं आता कुणी उरलं नाही. मला तर विशेषच वाटायचं, कारण नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वाळवणाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. कुणाची कुरडई तुटली, कुणाचे सांडगे काळे पडले, की ती बाई माझ्याकडे यायची आणि मी "चीक शिजला नाही तुमचा" असं तिच्या माहेराचा उद्धार केल्याच्या सुरात सांगायचे.

मुलगा आणि सून बाणेरला राहतात, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांनी कुत्रा पाळला. पाळला म्हणजे माझ्याकडे आणून सोडला. सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे, शनिवार-रविवार त्यांच्याकडे. "थोडेच दिवस हं, आई," असं सून म्हणाली आणि मी कपाळाला आठ्या घातल्या. खरं म्हणजे हे गेल्यापासून घरात माझं बोलणं मान वर करून ऐकणारं कुणी नव्हतं. हेही ऐकत नसत, पण मान वर करत. कुत्रा दोन्ही करायचा. ते थोडे दिवस संपू नयेत असं मला फार वाटायचं, पण सांगणार कसं? आठ्या घालून बसले होते ना.

सूनबाईंच्या मनात वेगळंच होतं. लोणी काळभोरच्या बाजूला कुणीतरी कुत्र्यांचं पाळणाघर काढलं होतं. तिथे म्हणे पोहायला हौद आणि पळायला मैदान. "तुम्हाला त्रास नको, आई," असं ती येता-जाता म्हणायची. आता पुण्यात 'तुम्हाला त्रास नको' याचा अर्थ 'तुम्हाला जमत नाहीये' असा होतो, हे मला कुणी सांगायला नको. मी स्वतः ते वाक्य अनेकांना ऐकवलेलं आहे. तेव्हा कुत्रा हातचा जाऊ द्यायचा नसेल, तर तो माझ्याकडे उत्तम राहतो हे दाखवून देणं भाग होतं.

मुलगा त्याच्यासाठी एक पाकीट आणून ठेवायचा. आत सुकवलेल्या चिकनच्या पट्ट्या. कुत्रा शहाण्यासारखा वागला की एक पट्टी द्यायची. आमचं घर शाकाहारी, कुत्र्याचं अंडंसुद्धा बाल्कनीतल्या वेगळ्या शेगडीवर उकडायचं. ती पट्टी मी चिमट्यानं धरून द्यायची. एक दिवस चष्मा लावून पाकिटावरची किंमत वाचली आणि चिमटा हातातून पडला. अहो, तेवढ्यात आमच्याकडे दिवाळीचे बदाम येतात! आणि आत काय, तर वाळवलेलं मांस. म्हणजे वाळवणच की! ज्या विषयात सगळी बिल्डिंग माझा सल्ला घेते, त्याच विषयात परक्या कारखान्याला पैसे मोजायचे?

मंडईत गेले. मेथीची जुडी घेतली. मेथी नको होती मला, पिशवीत वरून झाकायला हवी होती. मग चिकनच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. दुकानदार माझ्या पिशवीतली मेथी बघून म्हणाला, "काकू, पनीर पलीकडे मिळतं."

"पनीर नकोय," मी म्हटलं. "हेच द्या. कोवळं बघून द्या."

घरी येऊन पट्ट्या कापल्या. आता कुत्र्याला का असेना, अळणी कसं द्यायचं? अशा पदार्थाला कांदा-लसूण लागतोच, असं ऐकून होते. कांद्याचा रस लावला, लसूण वाटून चोळला, मीठ, हळद, हिंग. शिजवायचं मात्र डोक्यातच आलं नाही. उन्हानं सगळं होतं, ही माझी श्रद्धा. भर एप्रिलच्या उन्हात गच्चीत प्लॅस्टिक अंथरलं, पट्ट्या ओळीनं मांडल्या, वर जुनं मलमलचं पातळ टाकलं आणि कावळे हाकायला छत्री घेऊन बसले.

वाळवण दिसलं की येऊन एखादा ओलसर सांडगा तोंडात टाकायचा, हा आमच्या बिल्डिंगमधला अलिखित हक्क आहे. वरच्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले साहेब तो नेमानं बजावत. अत्यंत सात्त्विक गृहस्थ, केकसुद्धा अंडं नाही ना विचारून खायचे. ते आले आणि पातळाचं टोक उचलू लागले.

"काय वहिनी, यंदा नवीन काय?"

"सोयाबीनच्या वड्या."

"अरे वा! बघू एक."

"हात लावू नका!" मी छत्री आडवी घातली. "सोवळ्यात घातल्यात."

"सोवळ्यात? सोयाबीन?"

"नवस आहे."

साहेबांनी हात मागे घेतला, चपला बाजूला काढल्या आणि त्या पातळाला लांबूनच नमस्कार करून गेले. मला हसू आवरेना. इतकं छान खोटं बोलता येतं, म्हणजे आपलं सगळं बरोबरच चाललंय असं वाटतं त्या भरात.

पट्ट्या कडकडीत वाळल्या, निदान वरून तरी. संध्याकाळी कुत्र्याला दिल्या. त्यानं त्या अशा खाल्ल्या की माझ्या पुरणपोळ्यांनाही कधी एवढा मान मिळाला नव्हता. मी आणखी दिल्या. वर सुनेला फोन: "आज घरचं केलंय. तुमची पाकिटं आता बंद करा."

सकाळी तो ओकत होता. मग कोपऱ्यात जाऊन पडला. मी हाक मारली, रागावले, लाडानं बोलले. त्यानं मान वर केली नाही.

सुनेला फोन केला, ती धावत आली. तिच्याच गाडीतून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे माझी नात शोभेल अशी मुलगी. तिनं पोट चाचपलं आणि विचारलं, "काल काय खाल्लं यानं?"

"घरचंच," मी म्हटलं.

"घरचं म्हणजे?"

सून शेजारीच उभी होती. खरं सांगावं, तर कुत्रा लोणी काळभोरला गेलाच. वरण-भात म्हणावं, तर ही मुलगी भलतंच औषध देणार. मी टेबलाकडे पाहिलं. एरवी डॉक्टरवर गुरगुरणारा प्राणी, आज फडक्यासारखा पडला होता.

"कच्चं चिकन," मी म्हटलं. "गच्चीत वाळवलेलं. कांदा, लसूण आणि मीठ लावून."

सून स्टुलावर बसली. डॉक्टरनं ते सगळं लिहून घेतलं.

"हिंग राहिला का, आजी?"

"नाही. घातलाय."

मग रक्त तपासायला घेतलं, सलाईन लागलं, आणि सलाईन चालू असताना मला शिकवणीही लागली. ऊन म्हणजे शेगडी नव्हे, डॉक्टर म्हणाली. कच्चं मांस उन्हात वाळेपर्यंत त्यात जंतूंचं लग्नकार्य उरकतं. घरी करायचंच असेल, तर आधी आतपर्यंत शिजवायचं, मग ओव्हनच्या मंद आचेवर सुकवायचं, आणि त्याला काहीही लावायचं नाही. कांदा-लसूण कुत्र्याला विषच. "मग सुके बोंबील?" मी हळूच विचारलं. "त्यातलं मीठ कोण काढणार, तुम्ही?" विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचायची, पुढे नुसता कुत्र्याचा फोटो असतो. मागे मांसाशिवाय फारसं काही लिहिलेलं नको, करणाऱ्याचा पत्ता हवा, तारीख हवी. बरणीतलं सुटं नको, आणि कुत्र्यांना चघळायला मिळतात ती गाठ मारलेल्या चामड्याची पांढरी हाडं तर नकोतच, ती पोटात फुगून अडकतात.

"पण ते परवडतं का?" मी म्हटलं. एवढं होऊनही माझी जीभ गप्प बसेना.

"कात्री आहे ना घरी? एका पट्टीचे बारके तुकडे करा. कुत्रा तुकडा किती मोठा ते बघत नाही, किती वेळा मिळाला ते बघतो. आणि पोट जेवणानंच भरायचं, हे नुसतं कौतुकापुरतं."

बघा. पाहुण्यांसमोर काजूकतलीचे चार-चार तुकडे करून ठेवण्यात जिनं हयात घालवली, तिला हे सुचू नये!

कुत्रा वाचला. पण सून त्याला दवाखान्यातून सरळ बाणेरला घेऊन गेली. सोमवार आला, तो आला नाही. पुढचाही सोमवार तसाच गेला. मी टीव्हीशी बोलून पाहिलं, तो मध्येच जाहिराती लावतो. जिन्यात साहेब भेटले, म्हणाले, "काय वहिनी, नवस फेडला?"

"फेडला," मी म्हटलं, "चांगला अंगाशी आला."

मग एक दिवस भिंग घेऊन दुकानात गेले. दुकानदाराला जांभया येईपर्यंत पाकिटांच्या मागच्या बाजू वाचल्या. त्यातलं एक निवडलं, घरी आणून कात्रीनं बारीक केलं, घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं. कुणासाठी, ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात सून, आणि तिच्या पायाशी हे ध्यान. ते सरळ आत येऊन माझ्या खुर्चीखाली पसरलं. सुनेनं ओट्यावरचा डबा उघडला, वास घेतला, शेजारचं रिकामं पाकीट उलटं करून मागचं सगळं वाचलं. मी आठ्या घालायच्या विसरले.

"लोणीचं काय ठरलं?" मी विचारलं.

ती काय म्हणाली ते जसंच्या तसं देते:

"राहू दे त्याला इथेच, आई. तिथल्या लोकांनी लसूण घातल्याचं कबूल केलं नसतं. फक्त गच्चीची किल्ली तेवढी माझ्याकडे द्या."