रिकाम्या काठवटीतल्या भाकरी

भाकरी न करता भाकरी थापल्याचा आवाज काढता येतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते मी घरीच शिकलो, आणि त्याला निमित्त झालं मायच्या ऑपरेशनचं.

ऑपरेशन कसलं, हे सांगताना मी अजूनही अडखळतो. गर्भपिशवी काढायचं. (लिहिलं एकदाचं!) तेव्हा गल्लीत कुणी विचारलं की मी "पोटाचं" एवढंच म्हणायचो आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहायचो. मायला मात्र त्याचं काही नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणठणीत आवाजात सांगायची, "पिशवी काढली वं बाई. तिचं काम झालं होतं." मग माझ्याकडे बोट दाखवून, "हे ध्यान त्यातूनच आलंय, अन् आता त्यालाच नाव घ्यायची लाज वाटायली!"

मी तडक अंगणात जायचो.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर उभं करून बजावलं होतं, "देखो, अम्मा कू वजन उठाने नक्को देना. झुकने नक्को देना. चूल्हे के सामने बैठने तो बिल्कुल नक्को देना. ऊपर के टांके निकले, अंदर के कच्चे हैं. खांसी आई तो पेट पो तकिया पकडना. समझे?"

मी म्हणालो, "हौ." त्या "समझे" म्हणाल्या की मी "हौ" म्हणायचो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मुलगा मी, त्यामुळे समजून घ्यायची सगळी कामं माझ्याकडेच येत.

एरवी अशा वेळी मावशी धावून आली असती. पण त्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन वाटे होत होते, आणि आमची मावशी तिच्या मालकासकट औरंगाबादच्या वाट्याला गेली होती. आबा सरकारी कचेरीत कारकून. ते सकाळी जात ते दिवे लागले तरी येत नसत. आले की कपाळाला हात लावून बसत. "फायली वाटून झाल्या. आता फर्निचर. टेबल एक, राज्यं तीन! साहेब म्हणतात, तुम्हीच तोडगा काढा." आम्हाला इथंच हैदराबादेत राहायचंय की जायचंय, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. घरचा वाटा मात्र त्यांनी एका वाक्यात केला. "पाणी मी भरतो. चूल दत्ताकडं."

मी चुलीसमोर बसलो. ज्वारीचं पीठ किती, पाणी किती, याचं प्रमाण मी आधी मनाशी ठरवलं. पीठ कोमट पाण्यात मळलं. पहिली भाकरी काठवटीला, म्हणजे आमच्या लाकडी परातीला, अशी चिकटली की ती सुटेचना. दुसरी सुटली, पण तिचे तीन तुकडे झाले. (राज्यासारखेच!) तिसरी तव्यावर पडली आणि धूर असा निघाला की मला तवाच दिसेना.

तो जळका वास मायच्या खाटेपर्यंत गेला. मी वळून बघतो तर ती भिंत धरत धरत दारात आलेली! "सर रे बाजूला, पीठ मरायलंय ते!" असं म्हणत ती खाली वाकली आणि तशीच थांबली. चेहरा पांढराफटक पडला. मी तिला उचलून खाटेवर ठेवलं. डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. या वेळी त्यांनी "समझे?" विचारलं नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "फिर उठी तो फिर दवाखाना. फिर काटना पडेगा."

त्या संध्याकाळी माय छताकडे बघत म्हणाली, "दत्ता, म्या आता अशीच पडून राहायची का रे? चूल नाही बगायची तर म्या कशाला पायजे?" मायला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिलो. ती सारखीच होती.

एवढं मात्र मला कळलं की चूल नीट चाललीय असं वाटलं तरच माय पडून राहील. आणि चूल माझ्याकडून चालणार नाही.

मागच्या भिंतीपलीकडे लक्ष्मम्मा राहायच्या. बोलणं तेलुगू, पण भाकरी आमच्यासारखीच ज्वारीची आणि अंबाडीची भाजीही आमच्यासारखीच. मी भिंतीवरून मान वर काढून चाचरत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अय्यो, इतनाच? दो टाइम मैं देती. अम्मा कू नक्को बोल."

"नक्को बोल," मीही म्हणालो. मायला कुणाचे उपकार आवडत नाहीत. नुसतं कळलं असतं तरी ती उठली असती.

अशा रीतीने भिंतीवरून गरम भाकरी येऊ लागल्या. पण पहिल्याच दिवशी आतून हाक आली, "दत्ता! आज थापल्याचा आवाज येईना की!"

मी घाईघाईने स्वतःची मांडी बडवली. थप, थप, थप.

"पीठ घट्ट झालंय बग. पाणी लाव."

मांडीला पाणी लावलं. आवाज सुधारला, पण मांडी लाल झाली. दुसऱ्या दिवशी मी पद्धतशीर प्रयोग केले. उशी फार मऊ निघाली, आणि रिकामी काठवट ढोलकीसारखी वाजली. शेवटी आबिड्सच्या बाजारात फुटपाथवरून घेतलेलं पदार्थविज्ञानाचं माझं जाडजूड जुनं पुस्तक ओल्या पंच्यात गुंडाळून काठवटीत ठेवलं आणि त्यावर पालथा पंजा मारला. हुबेहूब ज्वारीची भाकरी! (तो पंचा पुस्तकातल्या बऱ्याच पानांना बाधला, पण विज्ञानात त्याग करावा लागतो.)

मग मला गोडी लागली. आधी हळू, भाकरी रुंदावली की जलद, फिरवताना जरासा थांबा. तापलेल्या तव्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की 'चर्र' व्हायचं. हळूहळू मी डोळे मिटून थापू लागलो.

आतून माय सूचना करायची. "ही जाड झाली रे!" मी पुस्तकावर हलक्या हाताने थापायचो. "आता झाली बग पातळ." एकदा म्हणाली, "दत्ता, आज शेंगदाण्याची चटणी कूट." मी रिकामं उखळ कुटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कालची चटणी बारीक झाली नव्हती, आज अजून कूट!" मी घाम गाळून रिकामं उखळ पुन्हा बारीक कुटलं. चटणी आदल्या दिवशीही लक्ष्मम्मांचीच होती, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नाही.

एका गोष्टीने मात्र माझी झोप उडाली. मी थापायला बसलो की माय उशी मागायची. "दे रे, पोटावर धरते." उशी घट्ट धरून ती भिंतीकडे तोंड करायची, आणि तिचं सगळं अंग गदगदा हलायचं. जेवण घेऊन गेलो की तिचे डोळे ओले दिसायचे.

"माय, दुखायलंय का गं?"

"थोडं. तू थाप. तू थापलास की बरं वाटतंय."

आईला इतक्या वेदना, आणि तरी ती माझं कौतुक करते!

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "उद्या बघू, आज खुर्च्या मोजायच्यात."

पण दुसऱ्याच दिवशी समोरच्या हमीदा खाला मायसाठी शोरबा घेऊन आल्या आणि भांडं ठेवायला थेट स्वयंपाकघरात शिरल्या. मी डोळे मिटून, मान डोलावत, ओल्या पंच्यातलं गाठोडं प्रेमाने थोपटत होतो.

"या अल्ला!" खालांच्या हातातलं भांडं डचमळलं. "ये क्या कर रा रे पोट्टे? गठरी कू थपक के सुला रा?"

मी ओठांवर बोट ठेवलं. त्याने त्या जास्तच घाबरल्या. "चुप बोल रा! उसकी नींद खराब होती बोल के!"

त्या धावत मायच्या खाटेपाशी गेल्या. "गंगाबाई, तुम्हारा बच्चा गया! मां का गम उसके दिमाग कू चढ गया. नजर है, नजर!"

उत्तरादाखल मायने उशी तोंडावर ओढली. खालांना वाटलं, बिचारीला धक्का बसला. त्या मागे फिरल्या, माझ्या डोक्यावरून मूठभर लाल मिरच्या उतरवल्या आणि चुलीत फेकल्या.

मिरच्यांचा ठसका घरभर पसरला. खाला खोकल्या. मी खोकलो. भिंतीपलीकडे लक्ष्मम्मा खोकल्या. आणि आत माय, पोटावर उशी दाबून, डोळ्यांतून धारा वाहताहेत, तोंडातून शब्द फुटत नाही, अशी हलत होती की खाट करकरू लागली!

"टाके!" मी ओरडलो आणि तसाच, पिठाच्या हातांनी, सायकलवर बसलो. (पीठ मी आवाज खरा यावा म्हणून घेत असे.)

डॉक्टरीणबाईंना रिक्षात घालून आणलं. त्यांनी मायच्या पोटावर हात ठेवला. "कब से है ये दर्द?"

मायने तोंड भिंतीकडे केलं. उत्तर मीच दिलं, "रोज होता. मैं रोटी थापने बैठा की शुरू होता. रुका की रुकता."

"रोटी?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "करके दिखाओ."

मला वाटलं, निदानासाठी लागत असेल. मी काठवट आणली. मांडी घातली, डोळे मिटले आणि त्या दिवसांतली माझी सगळ्यात चांगली भाकरी थापली. आधी हळू. मग जलद. मग जरासा थांबा.

"अरं अरं अरं, बास कर रे मुडद्या! टाके तुटतील माझे!" माय ओरडली, आणि मग मी आयुष्यात ऐकलं नव्हतं असं हसली. उशी दाबून, कण्हत, "आई गं, आई गं" करत हसली. डॉक्टरीणबाईंनी पंचा उलगडला. आतून पदार्थविज्ञान निघालं. त्याही खाटेच्या कडेवर बसल्या आणि रुमाल तोंडाला लावून हसू लागल्या. खाला तर जमिनीवरच बसल्या.

"बीमारी समझी," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "अम्मा एकदम अच्छी हैं. हंसते वक्त भी तकिया पकडो, ये मैं बोलना भूल गई थी. और तुम! तुम ये रोटी बंद करो."

सगळे गेल्यावर मी खाटेशी बसलो. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिसापासून. लक्ष्मम्मानं खिडकीतून विचारलं होतं मला, मीठ किती खातावं म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तिनं सांगितलं होतं, 'दत्ता कू नक्को बोल.'" माय जरा थांबली. "अन् खरं सांगू का? पडून पडून जीव नको झाला होता. दुसऱ्याच दिशी उठणार होते, कुणी धरलं असतं तरी. मग तुझी मांडी वाजली. म्हणलं, उठले तर ह्याचं काम बंद पडंल. उद्या काय वाजवतंय बगावं. असं करत करत राहिले पडून."

म्हणजे माझी युक्ती चालली होती! फक्त ज्या कारणासाठी मी ती चालवत होतो, त्या कारणाने नाही.

माय हळूहळूच बरी झाली. आधी दारापर्यंत, मग अंगणापर्यंत, मग एक दिवस भिंत न धरता. दरम्यान आबांचं नाव हैदराबादच्याच यादीत राहिलं (टेबलाचं काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही). डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर आबांनी चूल उंच ओट्यावर बांधून घेतली, आणि मायने उभ्याने पहिली भाकरी थापली. मी दारात उभा राहून ऐकत होतो. थप, थप, थप.

भिंतीपलीकडून लक्ष्मम्मांची हाक आली, "दत्ता किधर गया? आज आवाज बराबर नै आरा!"

मायने पीठ तसंच ठेवलं आणि ती उशीसाठी इकडेतिकडे बघू लागली.

नंतर एकदा मावशी औरंगाबादहून आली. तिने मोठ्या कौतुकाने विचारलं, "काय वं अक्का, पोरगं कॉलेजात काय शिकायलंय?"

"भाकरीचा आवाज काढायला शिकलाय," माय अभिमानाने म्हणाली. "भाकरी अजून बाकी हाय."