जिन्यातलं बोलावणं

लेकीच्या लग्नाचं बोलावणं मी फोनवरच उरकलं. "इन्व्हाइट पाठवलाय हं," एवढं म्हटलं की झालं. सुटसुटीत शब्द आहे. त्याला जिने चढावे लागत नाहीत, घराघरांत चहा घ्यावा लागत नाही. दारोदार अक्षता द्यायचं त्राण माझ्या गुडघ्यांत आता उरलेलं नाही.

आज जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"काकू, इन्व्हाइट मिळाला ना?"

"मिळाला गं. पण बोलवायला कधी येतेस?"

दमलेच होते, तरी त्यांच्यामागून वर गेले, रिकाम्या हातांनी. काकूंनी डब्यातले चिमूटभर तांदूळ घेतले, त्यांना कुंकू लावून माझ्या हातात दिले आणि आपला सुरकुतलेला तळवा माझ्यापुढे पसरला.

"हं, दे आता."