अर्धी दाढी आणि अकरावा भाग

थोरल्याचा हात इतका हलका की त्याच्या खुर्चीत माणसाला हमखास डुलकी लागायची. पण एवढ्या हुन्नरी माणसाच्या स्वतःच्या डोक्याकडे पाहिलं तर हसू आवरत नसे. एका कानावर केस आखूड, दुसऱ्यावर लोंबते, आणि मागे चक्क पायऱ्या. भाऊ वेगळा झाल्यापासून त्याचे केस बायको स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापायची.

"जमलं तसं केलं," ती म्हणायची. "पटत नसेल तर रस्ता ओलांडा की. सख्खा भाऊ बसलाय समोर."

थोरला आरशाकडे पाठ करून उभा राहायचा. समोरच्या फुटपाथवर धाकट्याचं सलून होतं, आणि त्याचंही डोकं काही वेगळं दिसत नव्हतं. एकत्र होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी दार लावून दोघं एकमेकांचे केस कापायचे. आता दोघांच्याही डोक्याची रया गेली होती, आणि गल्ली दोघांनाही हसत होती.

धाकट्यानं वेगळं व्हायचं म्हटलं तेव्हा वाटणी आईनं केली होती. आई व्यवहाराला चोख. आरसे निम्मे, कात्र्या निम्म्या, बाकं निम्मी. वडिलांची लाकडी हातांची खुर्ची मात्र एकच होती. ती धाकट्यानं हट्टानं मागून घेतली आणि थोरल्याच्या मनात अढी बसली ती बसलीच. शेवटी राहिला मांगाचा संच. मांगा म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायच्या जपानी चित्रकथा. धाकट्यानं हौसेनं एकेक भाग जमवून बाकावर ठेवलेले, गिऱ्हाइकांना नंबर लागेपर्यंत विरंगुळा म्हणून. एकच लांबलचक कथा, वीस भागांची. आईनं पुस्तकं मोजली आणि पहिली दहा थोरल्याच्या हातात दिली, पुढची दहा धाकट्याच्या. कथेचं काय होईल, हा विचार त्या माउलीच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

एकत्र असताना थोरल्यानं त्यातलं पानही उलटलं नव्हतं. पण धाकटा गेल्यावर दुकानात बोलायला कुणी उरलं नाही, दुपार खायला उठायची, आणि एका दुपारी त्यानं पहिला भाग उघडला. मग काय, नादच लागला. कथेतला खलनायक होता लाकडी मुखवट्याचा सरदार. तो गावं जाळायचा, पूल तोडायचा आणि मुखवट्याआडून एक शब्द बोलायचा नाही. दहाव्या भागाच्या अगदी शेवटच्या चित्रात तो मुखवट्याला हात घालतो, आणि पुस्तक संपतं.

पुढचं समोरच्या दुकानात होतं. गिऱ्हाइकं दहा भाग थोरल्याकडे वाचायची आणि अकराव्यापासून केस कापायला धाकट्याकडे जायची. वर येऊन सांगायची, "सरदार वाईट नाही हो मुळात. पुढे वाचाल तर रडाल."

"रडतोय कशाला!" थोरला वस्तरा पट्ट्यावर घासत म्हणायचा. "गाव जाळणाऱ्याचं पुढे-मागे काय वाचायचं? उद्या म्हणाल, माफ करा त्याला."

मग तो हमखास आपला आवडता किस्सा काढायचा. धाकट्यानं एकदा भर दुकानात म्हटलं होतं, "दादा, आजच्या नवरदेवाची दाढी मी करू का?" आणि थोरला म्हणाला होता, "आधी झाडू तरी सरळ मार!" सगळं दुकान पोट धरधरून हसलं होतं. थोरला आजही तो किस्सा सांगताना स्वतःच आधी हसायचा.

त्या दिवशी खुर्चीत टेलरमास्तर होते. मास्तर वाचायला लागले की त्यांना जगाची शुद्ध नसायची. थोरल्यानं डावा गाल केला, फेस लावलेल्या उजव्या गालाकडे वळणार, तोच मास्तरांचा दहावा भाग संपला.

"अरे देवा! मुखवटा काढतोय!" असं ओरडून मास्तर उठले आणि गळ्यातल्या कापडासकट रस्ता ओलांडून धाकट्याच्या दुकानात शिरले.

अर्धी दाढी करून गिऱ्हाईक बाहेर जाणं म्हणजे थोरल्याच्या इभ्रतीचा प्रश्न. "मास्तर, दाढी!" म्हणत तोही धावला. हातात उघडा वस्तरा आहे, याचं त्याला भान नव्हतं. गल्लीला मात्र चांगलंच होतं. थोरला वस्तरा परजत धाकट्याच्या दुकानात घुसला, हे पाहून चहावाल्यानं हातातली किटली खाली ठेवली.

आत मास्तर बाकावर बसून अकरावा भाग वाचत होते. धाकटा वस्तऱ्याकडे पाहून भिंतीला चिकटला होता.

"तुला नाही रे, यांना," थोरला गुरगुरला आणि तिथंच वाकून मास्तरांचा उजवा गाल करू लागला. गाल पानाच्या अगदी जवळ होता. नको म्हणता नजर गेलीच. मुखवट्याखाली राक्षस नव्हता. एक साधा, थकलेला चेहरा होता, आणि खाली लिहिलं होतं, 'मोठ्या भावाचा घोडा धरणारा मुलगा.' गाल गुळगुळीत झाला तरी थोरला वाकलेलाच राहिला.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "अकराव्यावर उड्या पडतात म्हणून दुसरी प्रत घेऊन ठेवलीय. बसून वाच. आणि तोवर... मागच्या त्या पायऱ्या मला बघवत नाहीत रे."

थोरला वडिलांच्या खुर्चीत बसला. धाकट्यानं कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला आणि कात्री सुरू झाली. थोरला वाचत राहिला. घोडा धरणारा तो मुलगा भर दरबारात भावाकडे एकदाच तलवार मागतो. भाऊ हसतो. मग सगळा दरबार हसतो. मुलगा मान खाली घालून बाहेर जातो आणि लाकूड तासायला बसतो.

पान पुढे उलटेना. थोरल्यानं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"हसायला नको होतं त्यानं," तो म्हणाला.

कात्री थांबली. "कुणी?"

"मोठ्या भावानं." थोरल्यानं आरशात धाकट्याकडे पाहिलं. "आणि मी. तो किस्सा मी अजून सांगतो रे लोकांना."

"माहितीये. गिऱ्हाइकं इकडे येऊन मला सांगतात." धाकट्यानं बाहीनं नाक पुसलं. "मान खाली घे. मागचं राहिलंय."

केस झाले. एका पातळीत, दोन्ही कानांवर सारखे. थोरल्यानं डोकं दोन्ही बाजूंनी वळवून पाहिलं, मग उठून खुर्ची झटकली.

"बस आता तू. तो भोवरा कुणी कापलाय असा?"

"मीच. मशीननं. दिसत नाही मागचं."

"कसा दिसेल!" थोरल्यानं धाकट्याच्या टाळूवर हात ठेवला. तिथला भोवरा उलटा होता, लहानपणापासून, आणि तो कसा वळवायचा हे जगात त्या एकाच हाताला ठाऊक होतं.

दाराबाहेर चहावाला आणि निम्मी गल्ली जमली होती. बाकावरून मास्तरांनी ओरडून विचारलं, "अहो, पण शेवटी त्या सरदाराला माफ करतात का?"

"करतात म्हणजे..." धाकट्यानं तोंड उघडलं.

"एक अक्षर बोलू नकोस!" थोरल्यानं त्याचं डोकं धरून सरळ केलं. "माझे अजून नऊ भाग राहिलेत. रोज येऊन इथंच वाचणार आहे मी. आणि हा झाडू कुणी मारलाय रे? छान मारलाय."