पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या

आमच्या देवघराच्या कपाटात उदबत्ती, कापूर, फुलवाती आणि पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या असं सगळं एकाच फळीवर असतं. हसू नका. सासरे मलकापुरात भिक्षुकी करतात. घरी कधी कसली पूजा निघेल याचा नेम नाही, आणि ऐनवेळी सून बाहेर बसली तर नैवेद्य कोण रांधणार? म्हणून त्या गोळ्या. मेडिकलमधून सासरेच आणतात, सगळ्यांदेखत मागून, कापराची डबी आणावी तशा. त्याची कोणाला लाज नाही. लाज आहे ती दुसऱ्या गोळ्यांची.

लॉकडाऊनच्या आदल्या दिवाळीनंतर मला दुसरी मुलगी झाली. पहिली सिझर होती, हीही सिझर. टाके काढताना डॉक्टरबाईंनी नवऱ्याला मुद्दाम आत बोलावलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "पिशवीची जुनी शिवण फार पातळ झालीय. लगेच तिसरं राहिलं तर पोटात फाटू शकते. आई जाईल, मूलही जाईल. निदान तीन वर्षं नको. पाळी सुरू झाली की ये, तांबी बसवून देते." नवरा "हो मॅडम, हो मॅडम" करत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

फाल्गुनात पाळी आली. मी फोन केला, बाई म्हणाल्या पुढच्या आठवड्यात ये. आणि पुढच्या आठवड्यात सगळा देशच बंद. दवाखान्याला कुलूप. मी पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, "अडलेल्या बाळंतिणीशिवाय सध्या कोणाला घेत नाहीये गं. आमच्याच दोन सिस्टर आजारी आहेत. तोवर जरा सांभाळून राहा."

सांभाळून राहा! म्हणजे कसं राहू, ते काही सांगितलं नाही. ऑफिस बंद पडल्यामुळे नवरा चोवीस तास घरात. रोज टीव्हीवर मेलेल्यांचे आकडे बघायचे आणि घाबरून माझ्याजवळ यायचं. त्याला तरी काय बोलू? भीती मलाही वाटत होतीच.

मी त्याला म्हटलं, "मेडिकल तर उघडं आहे ना? जाऊन दिवस न राहायच्या गोळ्या घेऊन या." तो गेला आणि बामची बाटली घेऊन आला.

"हे काय? डोकं कोणाचं दुखतंय?"

"कोणाचंच नाही," तो म्हणाला. "अवं, तिथं दुकानापुढं दोरी बांधली हाये. चुन्याच्या गोलात उभं राहून, तोंडावर फडकं बांधून, ओरडून सांगा लागते काय पाहिजे ते. माह्या मांगच्या गोलात बाबाचे यजमान उभे. काय ओरडू मी?"

मला हसू आलं आणि त्याच्या पाठीत दोन धपाटे घालावेसेही वाटले. दुसऱ्यांदा गेला तेव्हा चुना आणला. तंबाखूला लावायचा! तिसऱ्यांदा मीच पदर खोचून निघाले तर सासूबाई दारात आडव्या. "लेकरू अंगावर पिते आन् तू काऊन बाहीर जातं? काय पाहिजे ते त्याले सांग ना." आता त्यांना काय सांगू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

रामनवमीला सासऱ्यांनी घरातच अनुष्ठान मांडलं. रोगराई जावो म्हणून रोज पाठ, रोज सोवळ्यातला नैवेद्य, कधी संपेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. सासूबाईंनी फळीवरची पट्टी माझ्या हातावर ठेवली. "घे वं माय. सुरूच कर. माह्या गुडघ्यानं सैपाक होत नाही, आन् घरात कोणी बाईमाणूस येऊन नाही राह्यलं. तू बसली तर देव उपाशी."

मी गोळ्यांकडं बघितलं आणि माझ्या मनात एकदम उजेड पडला. म्हटलं, अगं वेडे, हे तर घरातच होतं! पाळीच येणार नाही तर दिवस कसे राहतील? बी पेरायलाच जमीन नाही. मी बी.ए. झालेली बाई आहे, पण शाळा-कॉलेजात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अमडापूरला आईला फोन केला तर तीही म्हणाली, "हाव, बरोबर हाये तुहं. माह्या मावशीनं असंच केलं होतं." मावशीनं केलं होतं म्हटल्यावर संपलंच.

म्हणून मी निर्धास्त झाले. चैत्र गेला, वैशाख अर्धा सरला. पट्टी संपली की सासरे नवी आणत. नवरा खूश, सासूबाई खूश, देव जेवलेला. त्या घरात पहिल्यांदाच असं झालं होतं की माझ्या अंगातल्या गोष्टीवर कोणी कुरकुरत नव्हतं.

अनुष्ठान संपलं, गोळ्या थांबवल्या. चार दिवसांत यायला पाहिजे ती पाळी आली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "इतक्या गोळ्या घेतल्या तं मांगंपुढं होतेच." आई म्हणाली, "टेन्शननं होते, सगळ्या गावाचं तसंच हाये." नवऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. मीही स्वतःला तेच सांगत राहिले, कारण दुसरं खरं मानायची माझी छाती नव्हती. मग सकाळी फोडणीच्या वासानं पोटातून ढवळून आलं. दोनदा हे माझ्या अंगावरून गेलंय, मला काय कोणी शिकवायला पाहिजे? चूल तशीच टाकून मी मोरीत जाऊन बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

नवऱ्याला म्हटलं, काहीही करा, मला दवाखान्यात न्या. आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत पेशंट निघाला. दोन्ही तोंडांना बांबू बांधून टाकले. नवरा पोलिसांकडं गेला तर त्यांनी विचारलं, अर्जंट काय आहे? हा माझा पठ्ठ्या म्हणाला, दाढ दुखतेय. दाढेसाठी कोणी बांबू सोडत नाही. बांबू सुटले तोवर सरकारी दवाखाना कोरोनाचा झाला होता, आणि डॉक्टरबाई स्वतःच आजारी पडून घरी होत्या. बुलडाण्याला जावं तर बस नाही, गाडीला पास पाहिजे, आणि पास काढून देणारा माणूस सासऱ्यांच्या ओळखीचा, त्याला कारण काय सांगणार? घोडं तिथंच पेंड खायचं. माझं पोट मात्र कोणासाठी थांबलं नव्हतं.

बाई बऱ्या होऊन दवाखान्यात बसायला लागल्या त्या पहिल्याच दिवशी मी गेले. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काही घेत नव्हतीस?"

मी गोळ्यांचं नाव सांगितलं.

"अगं, त्या नुसत्या पाळी अडवतात. दिवस राहायचे त्यानं थांबत नाहीत. पाळी तशीही येणार नव्हतीच, म्हणून तुला कळलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, साफ करून टाका. त्या म्हणाल्या, "चौथा सरत आलाय. आणि तुझी ती शिवण. आता हात लावायची माझी हिंमत नाही. जपून नेऊ शेवटापर्यंत."

घरी कळलं तेव्हा सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. म्हणाल्या, अनुष्ठान फळलं, यंदा पोरगाच होते. पुढचे सगळे महिने मी पोटात कुठं कळ आली की श्वास धरून बसायची. ही कळ साधी की ती? धाकटीला कडेवर घ्यायची नाही. ती पायाशी येऊन हात वर करून रडायची, आणि मी तिच्याकडं नुसती बघत राहायची. रात्रंदिवस मला एकच दिसायचं, ह्या दोघी माझ्याशिवाय. किती चिडले मी तेव्हा! सगळ्यांवर चिडले. पण चिडून काय होतं? चिडून पोट हलकं होत नाही.

पौषात सिझर झालं. कमरेखाली बधिर, वर मी टक्क जागी. बाळ रडलं, सिस्टर म्हणाली, "मुलगीच." पडद्यापलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "पिशवी कागदासारखी झालीय बघ. थोडक्यात वाचलीस."

मी म्हटलं, "बाई, आता ऑपरेशन करूनच टाका. उघडलंच आहे तर बांधून टाका. मी सही केलीय."

"करते. यजमानांना एकदा विचारून ये गं," त्या सिस्टरला म्हणाल्या. सिस्टर बाहेर गेली. मी पोट उघडं टाकून छताकडं बघत पडले होते. बराच वेळ झाला.

सिस्टर आली. "ते म्हणतात, बाबांना फोन लावून विचारलं. तिन्ही मुलीच आहेत, तर इतक्यात ऑपरेशन नको."

"पोट माझं आहे," मी म्हणाले. "मी सांगतेय ना बाई तुम्हाला. मी मरेन पुढच्या वेळी. तुम्हीच म्हणाला होतात."

बाई म्हणाल्या, "कळतं गं मला. पण उद्या घरचे येऊन भांडतात ते माझ्याशी." आणि त्यांनी पोट शिवायला सिस्टरकडं दोरा मागितला.