केंद्राच्या भिंतीवर अझेता

सांस्कृतिक केंद्राच्या फाटकावर नवं पोस्टर लागलं, तेव्हा अझेता सुताची गठडी सायकलला बांधून तिथूनच चालली होती. पोस्टरवर स्वतःचाच चेहरा दिसला आणि तिने असा काही ब्रेक दाबला की मागचा गाढवगाडीवाला खेकसला, "बाई, रस्ता काय तुझ्या बापाचा?"

केंद्र सांभाळणारा ओनोरे फाटकातच उभा होता. "बघितलंस? येत्या गुरुवारी तुमचा सिनेमा. क्लारिस स्वतः येणार आहे. अख्खी गुंगे वस्ती लोटेल बघ!"

अझेताने मान डोलावली. पण घराचं वळण कधी मागे गेलं, ते तिला कळलंच नाही.

क्लारिस सानू ही बोबो शहराकडची. मागे एका उन्हाळ्यात ती कॅमेरा घेऊन विणकर बायकांच्या छपरात आली आणि कितीतरी दिवस तिथेच राहिली. आधी सगळ्या जणी कॅमेऱ्यासमोर लग्नातल्या फोटोसारख्या ताठ बसायच्या. मग सवय झाली आणि कॅमेरा आहे हेच त्या विसरल्या. एका दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. अझेता एकटीच मागावर होती. क्लारिसने सहज विचारलं, "तुझा नवरा काय करतो गं?" आणि कोणालाही न सांगितलेलं सगळं अझेता तिच्यापुढे घडाघडा बोलून गेली.

तिच्या नवऱ्याचं नाव लासाने. तो गॅबॉन देशात, लिब्रव्हिल शहरात इमारतींच्या कामावर गेला होता. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. त्याची आई बिबाता हिला फोनवरचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून त्याचे निरोप अझेताच तिला सांगायची. मग एका शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. अझेताने लावला, तर नंबरच बंद. त्या संध्याकाळी म्हातारीने विचारलं, "काय म्हणाला माझा लासाने?" मागावर गाठ पडली होती, तिची लहान पोर रडत होती. अझेता बोलून गेली, "बरा आहे. तुमच्या गुडघ्याचं विचारत होता." म्हातारीचा चेहरा असा खुलला की पुढच्या शुक्रवारी खरं बोलायला तिची जीभच वळली नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी ती निरोप रचत आली होती: कधी गुडघ्याची चौकशी, कधी म्हातारीच्या बाजरीवरून थट्टा.

आता हे सगळं केंद्राच्या पांढऱ्या भिंतीवर, सगळ्या वस्तीसमोर उलगडणार होतं.

त्यात बिबाताला सिनेमाचं भारी वेड. दर गुरुवारी आपलं बुटकं स्टूल उचलून ती केंद्राच्या अंगणात पुढच्या रांगेत जाऊन बसायची. इराणचा असो, ब्राझीलचा असो, एक शब्द कळत नसला तरी शेजारणींना गोष्ट तीच समजावून सांगायची. "हा माणूस काही परत यायचा नाही, चाल बघ त्याची," असं खुशाल जाहीर करायची, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

"आई, कूदूगूला तुमच्या भाचीकडे बारसं आहे ना?" अझेताने चाचपून पाहिलं. "गुरुवारचीच बस धरा की."

"वेड लागलंय का तुला?" बिबाता म्हणाली. "माझी सून भिंतीवर झळकणार आणि मी कूदूगूला शेंगा सोलत बसू?"

"गुडघा दुखतोय ना तुमचा?"

"गुडघा माझा आहे. मी बघीन त्याचं."

अझेताने क्लारिसला फोन लावून बघितला. ती सिनेमा घेऊन परदेशात होती, फोन लागेना. मग अझेता ओनोरेकडे गेली. "त्यातला एक तुकडा कापता येईल का हो?"

"कुठला तुकडा?"

ते मात्र तिला सांगता येईना. ओनोरे हसला. "मी फक्त यंत्र सुरू करतो, बाई. कापणारी क्लारिस. आणि भिंतीवर स्वतःला बघायला प्रत्येकाला भीती वाटते."

छपरात शेजारच्या मागावर ज्युलियेन पारे बसायची. ती सामो जमातीची, अझेता मोसी, म्हणजे एकमेकींना शिव्या द्यायचा दोघींचा पिढीजात हक्कच. "आमच्या घरच्या गुलामा," ज्युलियेन म्हणाली, "सिनेमात आलीस म्हणून जेवण सोडलंस होय? कालपासून बघतेय, एकच पट्टा तीनदा उसवलास." एरवी अझेताने दामदुप्पट परत केली असती. आज तिने मान खाली घालून तोच पट्टा परत उसवायला घेतला. जाताना ज्युलियेनने आपल्यातला चवळीभात अझेतासमोर सरकवून ठेवला.

गुरुवारी अंधार पडता पडता अंगण भरलं. क्लारिस त्याच दिवशी उतरली होती. गर्दीतून तिने हात केला, पण अझेता तिच्यापर्यंत पोहोचायच्या आतच दिवे मालवले गेले. बिबाताने तिला मनगटाला धरून आपल्या शेजारी बसवलं.

सिनेमा सुरू झाला. माग, सूत, बायकांची थट्टा. ज्युलियेन दिसली की अंगण हसायचं. खाली फ्रेंच अक्षरं धावत होती. अझेताला ती वाचता येत नव्हती, म्हणून ती रांगेच्या टोकाला बसलेल्या शाळेच्या मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ते वळून आपल्याकडे बघतील का, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग ती दुपार आली. रिकामं छप्पर, कडुलिंबाची सावली आणि अझेता. भिंतीवरच्या अझेताने तोंड उघडलं, आणि अंगणातल्या अझेताने डोळे मिटले.

खट्, खट्, खट्. नुसता मागाचा आवाज.

तिने डोळे उघडले. भिंतीवर तिचे ओठ हलत होते, डोळे भरून आले होते, हातातला धोटा थांबला होता. पण तिचा आवाज कुठेच नव्हता. खाली अक्षरंही नव्हती. वरून फक्त मागाचा आवाज चढवलेला होता.

"ओनोरे!" बिबाता ओरडली. "यंत्र बिघडलं तुझं! माझी सून बोलतेय आणि ऐकू येत नाही!"

अंगण खदखदून हसलं. अझेताच्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला की शेजारचीने वळून बघितलं.

सिनेमा संपला, टाळ्या झाल्या, क्लारिस माईक घेऊन उभी राहिली. विद्यापीठातल्या एका मुलाने विचारलं, "ती बाई बोलत असताना आवाज का काढून टाकला? ती काय सांगत होती?"

अझेताला वाटलं, आता संपलं. क्लारिसने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "ते तिने मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

तेवढ्यात बिबाताने पुढे होऊन माईक धरला. केंद्राचा एक माणूस कार्यक्रमाचं चित्रण करत होता. ती थेट त्याच्या कॅमेऱ्याकडे वळली.

"लासाने, मी तुझी आई. तुझे निरोप मला दर शुक्रवारी पोहोचतात. माझे तुला पोहोचतात की नाही, कोण जाणे. म्हणून आज माझ्या तोंडाने सांगते. मी जिवंत आहे. तू ये." मग क्लारिसला म्हणाली, "पोरी, हे त्याला पाठव. अझेता, नंबर दे तिला त्याचा."

"उद्या देते, आई."

"उद्या कशाला? फोन तर तुझ्या कमरेलाच आहे."

लोक उठून चालले होते. अझेताने म्हातारीला फाटकाबाहेर आणलं आणि अंबाडीचं सरबत विकणारीच्या बाकड्यावर बसवलं. ऐकू जावं म्हणून ती बिबाताच्या कानाशी वाकली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

बिबाताने आपलं स्टूल मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "गुडघ्याचं विचारायचा, ते कोण?"

"मीच, आई."

"आणि बाजरीवरून थट्टा?"

"तीही."

अझेता शिव्यांची वाट बघत होती. पण म्हातारीचा आवाज बारीक झाला. "तो जिवंत आहे का गं?"

"माहीत नाही."

"तू खोटं बोललीस, ते मी पोटात घालीन," बिबाता म्हणाली. "पण तो ठीक आहे असं वाटून मी स्वस्थ बसून राहिले. इतके दिवस माझ्या पोराला कोणी शोधलंच नाही."

हे अझेताच्या कधी मनातही आलं नव्हतं. म्हातारीचं मन जपण्याच्या नादात आपण त्याला वाऱ्यावर सोडलं, हे तिला त्या बाकड्यावर कळलं, आणि त्यानंतर कित्येक दिवस तिला धड झोप लागली नाही.

दुसऱ्या सकाळपासून बिबाता काठी टेकत गॅबॉनहून परतलेल्या एकेकाच्या दारात जाऊ लागली. सुनेशी ती कामापुरतंच बोलायची. अझेता पोलीस चौकीत गेली, मशिदीत नाव सांगून आली. क्लारिसलाही तिने सगळं सांगितलं. हा सिनेमा लिब्रव्हिलच्या एका केंद्रातही दाखवला जाणार होता. क्लारिस म्हणाली, "तुमची हरकत नसेल, तर आईंचं बोलणं सिनेमाच्या आधी लावते." अझेताने सासूकडे बघितलं. बिबाता म्हणाली, "लाव. आणि त्याचा फोटोही लाव."

लिब्रव्हिलला तो सिनेमा बघायला गावाकडचे बरेच लोक आले होते. त्यांतल्या एका गवंड्याने फोटो ओळखला. लासाने त्याच देशातल्या पोर्ट-जेंटिल शहरात होता. मचाणावरून पडून त्याचा पाय कायमचा अधू झाला होता, काम सुटलं होतं, आणि आता तो रस्त्याकडेला भाजलेलं मटण विकत होता.

गवंड्याकरवी त्याला निरोप धाडला, पण त्यानंतर कितीतरी दिवस काहीच झालं नाही. फोन वाजला की अझेता हातातलं सूत टाकून धावायची. एका सकाळी अनोळखी नंबर आला. पलीकडे नुसता श्वास. मग, "अझेता?"

तिला वाटलं होतं, आपण रडू. तिला आला तो राग. "तोंड नव्हतं तुला?"

"लंगडा होऊन कोणत्या तोंडाने बोलू?" लासाने म्हणाला.

बिबाताने फोन ओढून घेतला. तिला काही ऐकू येत नव्हतं, तरी ती बोलत राहिली. पायाला तेल चोळ, म्हणाली. पोरीला दाढा आल्या, म्हणाली. थकली तेव्हा तिने फोन परत दिला आणि सुनेकडे रोखून पाहिलं. "काय म्हणाला?"

"पाय दुखतो म्हणाला. लाज वाटते म्हणाला." अझेता थांबली. "येईन असं म्हणाला नाही, आई."

बिबाताने मान हलवली. "बरं," ती म्हणाली आणि अझेताच्या शेजारी, मागाच्या कडेला बसून राहिली.